फिलिपिनो रेस्टॉरंटमध्ये जेवायला जाताना

दुबईच्या करामा किंवा सत्वा भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या इमारतीखाली उडुपी पद्धतीचे शाकाहारी हॉटेल असते, केरळी चहाचे दुकान असते आणि बहुधा त्याच रांगेत एखादे फिलिपिनो रेस्टॉरंटही असते. पहिल्या दोन ठिकाणी वर्षानुवर्षे जाणे-येणे होते. तिसऱ्याचे दार मात्र सहसा उघडले जात नाही. सिंगापूरच्या ऑर्चर्ड रोडवरील लकी प्लाझा, हाँगकाँगच्या सेंट्रल भागातील वर्ल्ड-वाइड हाउस, न्यूयॉर्कच्या वुडसाइडमधील रूझवेल्ट अव्हेन्यू किंवा सॅन फ्रान्सिस्कोला दक्षिणेकडून लागून असलेली डेली सिटी, यांच्या आसपास राहणाऱ्यांचा अनुभवही फारसा वेगळा नसतो. नोकरीसाठी जगभर पांगलेल्या फिलिपिनो लोकांनी ही रेस्टॉरंट प्रथमतः आपल्या माणसांसाठी काढलेली आहेत. त्यामुळे मेनूवर पदार्थांची नावे असतात, पण त्यांत काय आहे याचा खुलासा पुष्कळदा नसतो, आणि नवख्या मराठी माणसाचे घोडे तिथेच अडते.

दुसरी अडचण मागवण्याच्या पद्धतीची आहे. आपण अनोळखी रेस्टॉरंटमध्ये प्रत्येकी एक पदार्थ मागवतो आणि त्यावर निकाल देतो. फिलिपिनो जेवण त्या रीतीने कळत नाही. ते भाताभोवती मांडलेले असते, त्याला आंबटपणाचा आधार असतो, आणि मीठ, आंबट व तिखट यांचा शेवटचा हात जेवणारा स्वतः टेबलावर देतो. या तीन गोष्टी ध्यानात ठेवून मागवले, तर कोकणी किंवा गोमंतकीय जिभेला हे जेवण फार परके वाटत नाही.

जागा आणि वेळ

पहिली पायरी म्हणजे कोणत्या प्रकारच्या जागी जायचे ते ठरवणे. सर्वांत सोपी जागा म्हणजे जॉलिबीसारखे फास्ट फूड. टोनी टॅन कॅक्टिओंग यांनी 1975 मध्ये आइस्क्रीमच्या दुकानापासून सुरू केलेला हा व्यवसाय 1978 मध्ये जॉलिबी या नावाने उभा राहिला आणि 1998 मध्ये डेली सिटीत त्यांची अमेरिकेतील पहिली शाखा उघडली. आज आखातातही त्याच्या शाखा आहेत. तळलेली कोंबडी, सोबत भात आणि ग्रेव्ही, तसेच सॉसेजचे तुकडे घातलेली गोडसर स्पॅगेटी हे तेथील नेहमीचे पदार्थ आहेत. लहान मुलांना ही स्पॅगेटी आवडते, मोठ्यांना बहुधा नाही. मुलांना घेऊन पहिली ओळख करून घ्यायला ही जागा ठीक आहे, पण फिलिपिनो घरातले रोजचे जेवण तिथे मिळत नाही.

माझ्या मते नवख्याने सुरुवात करावी ती ‘तुरो-तुरो’ पद्धतीच्या खानावळीपासून. काचेमागे तयार पदार्थांचे ट्रे मांडलेले असतात, आपण बोट दाखवायचे, वाढणारा तो पदार्थ भातासोबत ताटलीत वाढतो. पदार्थ डोळ्यांसमोर असल्यामुळे रस्सा पातळ आहे की दाट, मांसाचे तुकडे हाडांसकट आहेत की नाहीत, भाजीत कोलंबी दिसते की नाही, हे मागवण्यापूर्वीच कळते. अशा ठिकाणी जेवणाच्या वेळेच्या सुरुवातीलाच पोहोचावे. साडेअकरा-बाराच्या सुमारास ट्रे नुकतेच भरलेले असतात. दुपार उलटून गेल्यावर तळलेले पदार्थ मऊ पडतात आणि पालेभाज्या काळवंडतात.

चारपाच जण मिळून जाणार असतील तर टेबलावर बसून मागवण्याचे कौटुंबिक रेस्टॉरंट योग्य. येथे पदार्थ मोठ्या वाडग्यांत किंवा थाळ्यांत येतात आणि सगळ्यांनी वाटून घ्यायचे असतात. याखेरीज अलीकडच्या वर्षांत काही महागडी, नव्या धर्तीची फिलिपिनो रेस्टॉरंटही निघाली आहेत. शिकागोमधील ‘कसामा’ला 2022 मध्ये मिशेलिन तारा मिळाला आणि असा मान मिळवणारे ते जगातील पहिले फिलिपिनो रेस्टॉरंट ठरले. अशा ठिकाणी संध्याकाळचा भोजनक्रम ठरलेला असतो, त्यामुळे आपली पथ्ये आणि वर्ज्य पदार्थ जागा राखून ठेवतानाच कळवावे लागतात.

वाराचाही विचार करावा. सिंगापूर आणि हाँगकाँगमध्ये घरकामासाठी आलेल्या फिलिपिनो स्त्रियांची साप्ताहिक सुट्टी बहुतांशी रविवारी असते, आणि त्या दिवशी लकी प्लाझा किंवा सेंट्रलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. रविवारी पदार्थांची विविधता सर्वाधिक आणि उठावही मोठा, म्हणून अन्न ताजे. पण निवांत बसून प्रश्न विचारायचे असतील तर आठवड्यातला मधला वार बरा. डिसेंबरच्या उत्तरार्धात गेलात तर नाताळच्या पहाटेच्या प्रार्थनांशी जोडलेले ‘बिबिंका’ (तांदळाच्या पिठाचा केक) आणि जांभळ्या तांदळाचे ‘पुतो बुंबोंग’ हे पदार्थ मिळण्याची शक्यता असते.

मांसाचा प्रश्न आधी सोडवावा

मेनू उघडण्यापूर्वी आपल्या टेबलावर कोण काय खात नाही हे ठरवून घ्यावे, कारण फिलिपिनो स्वयंपाकात डुकराचे मांस ही सर्वसाधारण गोष्ट आहे आणि मेनूवर ते वेगळे सांगितलेच जाईल असे नाही. ‘लेचोन’ म्हणजे भाजलेले आख्खे डुक्कर, ‘लेचोन कवाली’ म्हणजे डुकराच्या पोटाचा तळलेला भाग, ‘क्रिस्पी पाता’ म्हणजे तळलेला पाय. हे ओळखू येतात. परंतु ‘सिसिग’ नावाचा तापलेल्या लोखंडी तव्यावर चरचरत येणारा पदार्थ मुळात डुकराच्या डोक्याच्या मांसाचा असतो, ‘लुंपिया शांघाय’ या बोटभर जाडीच्या तळलेल्या गुंडाळ्यांतही बहुधा डुकराचा खिमा असतो, आणि ‘लोंगानिसा’ (सॉसेज) व ‘तोसिनो’ (गोडसर मुरवलेले मांस) या न्याहारीच्या पदार्थांचेही तसेच आहे.

आखातात चित्र उलटे होते आणि तेच पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तिथल्या बहुसंख्य साध्या फिलिपिनो रेस्टॉरंटमध्ये डुकराचे मांस नसतेच, कारण ते विकण्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि ग्राहकवर्गाचाही विचार असतो. त्याच्या जागी गोमांस किंवा कोंबडी वापरली जाते. म्हणजे ‘येथे सगळे हलाल आहे’ ही पाटी पाहून निश्चिंत झालेला, गोमांस न खाणारा हिंदू ग्राहक दुबईत सिसिग किंवा लुंपिया मागवतो तेव्हा त्याच्यापुढे नेमके गोमांस येण्याचा संभव असतो. हलाल या शब्दाने डुकराच्या मांसाचा प्रश्न सुटतो, गोमांसाचा सुटत नाही. तो स्वतंत्रपणे विचारावाच लागतो.

मुळातच गोमांसाचे असलेले पदार्थ वेगळे लक्षात ठेवावेत. ‘कारे-कारे’ हा शेंगदाण्याच्या दाट रश्शातला पदार्थ परंपरेने गाईच्या शेपटीचा आणि आतड्यांचा असतो. ‘बुलालो’ हे नळीच्या हाडांचे सूप, ‘बिस्तेक’ आणि ‘तापा’ हे मांसाच्या पातळ कापांचे पदार्थ गोमांसाचेच. ‘काल्देरेता’ हा रश्श्याचा पदार्थ बकऱ्याचा असू शकतो, पण परदेशात तो बहुधा गोमांसाचा मिळतो. ‘पापाइतान’ हे आतड्यांचे, पित्तामुळे कडवट लागणारे सूप आहे आणि ते नवख्याने न मागवलेलेच बरे.

काही शब्द पाठ करून ठेवले की मेनू निम्माअधिक वाचता येतो : ‘बाका’ म्हणजे गोमांस, ‘बाबॉय’ म्हणजे डुक्कर, ‘मानोक’ म्हणजे कोंबडी, ‘कांबिंग’ म्हणजे बकरा, ‘इस्दा’ म्हणजे मासा, ‘हिपोन’ म्हणजे कोलंबी, ‘पुसित’ म्हणजे माकुल, ‘इतलोग’ म्हणजे अंडे, ‘गुलाय’ म्हणजे भाजी, ‘गाता’ म्हणजे नारळाचे दूध. ‘दिनुगुआन’ हा डुकराच्या रक्तात आणि व्हिनेगरमध्ये शिजवलेला काळपट पदार्थ आहे आणि परदेशातील काही मेनूंवर तो ‘चॉकलेट मीट’ अशा गमतीदार नावाने छापलेला असतो. मुलांनी नाव वाचून हट्ट धरण्यापूर्वी पालकांना हे ठाऊक असलेले बरे. परंपरागत सोरपोतेल (रक्त घालून केलेला डुकराच्या मांसाचा पदार्थ) खाऊन वाढलेल्या गोमंतकीय ख्रिस्ती वाचकाला मात्र हा पदार्थ मुद्दाम मागवावासा वाटेल, आणि त्याने तो ‘पुतो’ या वाफवलेल्या तांदळाच्या गोडसर वडीसोबत मागवावा, कारण तीच त्याची रूढ जोडी आहे.

शाकाहारी व्यक्तीसाठी

येथे खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही. साध्या फिलिपिनो रेस्टॉरंटमध्ये काटेकोर शाकाहारी माणसाचे पोट भरते, पण तेवढेच. भाजीच्या पदार्थांतही ‘पातिस’ हे माशांचे खारट पाणी, ‘बागोओंग’ ही आंबवलेल्या माशांची किंवा कोलंबीची खारट चटणी, ऑइस्टर सॉस, मांसाच्या अर्काच्या वड्या किंवा चवीपुरते मांसाचे तुकडे घातलेले असतात, आणि स्वयंपाक्याच्या दृष्टीने तो तरीही भाजीचाच पदार्थ राहतो. ‘पिनाकबेत’मध्ये कारली, वांगी, भेंडी, भोपळा अशा आपल्या ओळखीच्या भाज्या असतात, पण त्याची चव बागोओंगवर उभी असते. मुगाच्या ‘मोंगो’त सुकी मासळी, कोलंबी किंवा मांस हमखास असते.

म्हणून ‘मी शाकाहारी आहे’ एवढे सांगणे पुरेसे नाही. ‘मांस नको’ असे सांगितले तरी कोंबडी, मासा आणि पातिस यांना त्यातून सूट मिळू शकते, कारण ‘कार्ने’ या शब्दाने तिथे सर्वसाधारणपणे डुकराचे किंवा गाईचे मांस अभिप्रेत असते. प्रत्येक वस्तूचे नाव घेऊन विचारावे : मांस नाही, कोंबडी नाही, मासा नाही, कोलंबी नाही, पातिस नाही, बागोओंग नाही, ऑइस्टर सॉस नाही. ‘वालांग’ म्हणजे ‘शिवाय’; ‘वालांग पातिस, वालांग बागोओंग पो’ असे म्हटले की स्वयंपाकघरापर्यंत निरोप नेमका पोहोचतो.

मागवण्यासारख्या गोष्टींत पहिली म्हणजे ‘अदोबोंग कांगकोंग’. कांगकोंग म्हणजे आपल्याकडे पाणथळ जागी होणारी नाळीची भाजी. ती लसूण, सोया सॉस आणि व्हिनेगरमध्ये परततात. ऑइस्टर सॉस, पातिस आणि मांसाचे तुकडे वगळायला सांगितले तर हा पदार्थ खाता येतो आणि भातासोबत उत्तम लागतो. ‘तोकवा’ म्हणजे टोफू. तो तळून सोया-व्हिनेगरमध्ये बुडवून देता येईल का असे विचारावे. अंडे चालत असेल तर ‘तोर्तांग तालोंग’ मागवावे : वांगे आख्खे भाजून, साल काढून, देठासकट चपटे करून, अंड्यात बुडवून तव्यावर परततात. काही ठिकाणी त्यात खिमा भरतात, म्हणून विचारून घ्यावे. सोबत ‘सिनांगाग’ म्हणजे लसणीवर परतलेला भात आणि ‘अचारा’ हे कच्च्या पपईचे गोडआंबट लोणचे घेतले की ताट पुरे होते. कांदालसूण वर्ज्य असणाऱ्यांनी मात्र इथे केवळ गोड पदार्थांसाठी यावे, हे स्पष्टच सांगितलेले बरे.

टेबलावर काय काय यावे

मांसमासे खाणाऱ्या चौघांसाठी मी मांडणी सुचवतो ती अशी : एक आंबट सूप, एक भाजलेला किंवा तळलेला पदार्थ, एक रश्श्याचा किंवा नारळाच्या दुधातला पदार्थ, एक भाजी आणि भरपूर भात. भात वेगळा मागवावा लागतो. काही ठिकाणी तो वाटीच्या हिशेबाने मिळतो, काही ठिकाणी ‘अनली राइस’ म्हणजे हवा तितका वाढतात. जेवणाला क्रम नसतो. सूप आधी आणि भात नंतर अशी वाट पाहू नये. जे तयार होईल ते येते, आणि सूपही भातावर घेऊनच खायचे असते.

सूप म्हणून ‘सिनिगांग’ निवडावे आणि शक्यतो कोलंबीचे, म्हणजे ‘सिनिगांग ना हिपोन’. हा पातळ, स्वच्छ, चांगलाच आंबट रस्सा असतो. त्यात मुळा, टोमॅटो, कांगकोंग, चवळीच्या लांब शेंगा, कधी भेंडी आणि वांगे असते. आंबटपणासाठी चिंच सर्वांत रूढ आहे, पण फिलिपिन्समध्ये प्रदेश आणि मोसमाप्रमाणे गोव्यात बिंबली म्हणून ओळखले जाणारे फळ, कच्ची कैरी किंवा पेरूही वापरतात. परदेशात पुष्कळ ठिकाणी चिंचेची तयार पूड वापरली जाते आणि ती फार खारट लागते, म्हणून पहिला घोट घेण्यापूर्वीच त्यात पातिस घालू नये. चिंचेचे सार आणि आमसुलाची कढी यांवर वाढलेल्या माणसाला हा पदार्थ पहिल्या घोटातच पटतो, आणि या जेवणाची किल्ली मला यातच दिसते. सिनिगांग चांगले नसेल तर त्या रेस्टॉरंटमध्ये दुसऱ्यांदा जाऊ नये. अगदीच सौम्य हवे असेल तर ‘तिनोला’ घ्यावे. कोंबडी, आले, कच्ची पपई आणि शेवग्याची पाने यांचे हे सूप आजारी माणसालाही चालते.

भाजलेल्यांत ‘चिकन इनासाल’ सर्वांत निर्धोक. हा पदार्थ पश्चिम निग्रोसमधील बाकोलोद शहराचा. गवती चहा, आले, लसूण, व्हिनेगर आणि ‘कालामान्सी’ या बोराएवढ्या लिंबाच्या रसात मुरवलेली कोंबडी निखाऱ्यावर भाजतात आणि भाजताना शेंदरीच्या बियांनी रंगवलेले तेल तिच्यावर फिरवतात. तेच केशरी तेल वाडग्यात दिले तर ते भातावर घालून घ्यावे. माशांत ‘बांगुस’ म्हणजे मिल्कफिश ठिकठिकाणी मिळतो. पोटाकडचा भाग चविष्ट आणि तेलकट असतो, पण बारीक काटे अतोनात, म्हणून मेनूवर ‘बोनलेस’ असे लिहिलेलाच मागवावा.

रश्श्याच्या पदार्थांत ‘अदोबो’ सर्वांत प्रसिद्ध आहे आणि नवख्यांची निराशा बहुधा तोच करतो. व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, तमालपत्र आणि मिरे एवढ्यावर हा पदार्थ शिजतो. मसाला म्हणून आपण ज्याला ओळखतो त्यातले जवळपास काही नसते. स्पॅनिश राजवट येण्यापूर्वीपासून व्हिनेगरमध्ये शिजवण्याची पद्धत या बेटांवर होती, नाव मात्र स्पॅनिशांनी दिले. अदोबोचा एक तुकडा आणि त्याच्या चौपट भात अशा प्रमाणात खाल्ला तरच त्याची गंमत कळते. नुसता खाल्ला तर तो खारट आणि उग्र वाटतो. ‘अदोबो सा गाता’ म्हणजे नारळाच्या दुधातला अदोबो मिळाला तर तो आपल्याला अधिक रुचेल. गोव्यात जसे माडीपासून व्हिनेगर होते तसेच फिलिपिन्समध्येही होते, आणि जिथे ते वापरले जाते तिथला अदोबो कारखान्यातल्या व्हिनेगरच्या अदोबोपेक्षा कितीतरी सौम्य लागतो. वाढणाऱ्याला हे विचारायला हरकत नसते. अशा प्रश्नाने तो बहुधा खूशच होतो.

नारळाच्या दुधातले पदार्थ बिकोल प्रांताची खासियत आहेत आणि मराठी माणसाने ते चुकवू नयेत. ‘लाइंग’ म्हणजे वाळवलेली अळूची पाने नारळाच्या दुधात, मिरच्या घालून, रस जवळपास आटेपर्यंत शिजवलेली. अळूच्या फदफद्याची सवय असलेल्याला हा पदार्थ ओळखीचा आणि तरीही वेगळा वाटतो, कारण त्यात गूळ-चिंच नाही आणि बागोओंगचा खारा वास आहे. ‘गिनाताआंग लांका’ म्हणजे कच्च्या फणसाची नारळाच्या दुधातली भाजी; तिच्यात मासळी किंवा मांस असते. ‘बिकोल एक्स्प्रेस’ हा डुकराच्या मांसाचा आणि हिरव्या मिरच्यांचा पदार्थ खरोखर तिखट असतो. इतरत्र फिलिपिनो जेवणात तिखट जवळपास नसते, म्हणून ‘आम्ही भारतीय, तिखट करा’ असे सांगून स्वयंपाक्याला बुचकळ्यात पाडण्यापेक्षा बारीक मिरच्या वेगळ्या मागवाव्यात.

कारे-कारेबद्दल एक सूचना आवश्यक आहे. तो रस्सा मुद्दाम अळणी ठेवलेला असतो आणि सोबत छोट्या वाटीत बागोओंग येतो. प्रत्येक घासाला त्यातला किंचित घेऊन खायचे असते. हा बागोओंग ‘आलामांग’चा, म्हणजे आपल्याकडे जवळा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारीक कोलंबीच्या जातीचा असतो. गोमांस टाळायचे असेल तर मासळीचा कारे-कारे आहे का विचारावे, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याने या पदार्थापासून दूरच राहावे.

‘पान्सित’ हे नूडल्सचे पदार्थ चिनी स्थलांतरितांकडून आलेले. वाढदिवसाला दीर्घायुष्याचे चिन्ह म्हणून ते करतात. पहिल्या भेटीत या नूडल्सनी टेबल भरू नये. भात आणि नूडल्स दोन्ही मागवून अर्धे टाकून यावे लागते.

वाटीतली कारागिरी

टेबलावर व्हिनेगर, सोया सॉस, पातिस, मिरच्या आणि कालामान्सी ठेवलेल्या असतात, किंवा मागितल्यावर मिळतात. त्यांचे मिश्रण म्हणजे ‘सावसावान’, आणि ते प्रत्येकाने आपले आपण करायचे असते. भाजलेल्या पदार्थाला सोया सॉस, कालामान्सी आणि मिरची. तळलेल्याला व्हिनेगर, ठेचलेली लसूण आणि मिरे. सिनिगांगमधल्या माशाला पातिस आणि मिरची, ही साधारण जुळणी आहे. पदार्थात हे घालणे म्हणजे स्वयंपाक्याचा अपमान नव्हे. स्वयंपाक्याने ते गृहीत धरूनच मीठ बेताचे ठेवलेले असते.

जेवण चमचा आणि काट्याने होते, सुरी ठेवलेलीच नसते. चमचा उजव्या हातात, काटा डाव्या हातात, आणि काट्याने घास चमच्यावर ढकलायचा. हाताने जेवणेही तिथे परके नाही. ‘कामायान’ म्हणजे हाताने जेवणे, आणि त्याचाच मोठा अवतार म्हणजे ‘बूडल फाइट’ : लांब टेबलावर केळीची पाने अंथरून मध्ये भाताचा बांध, त्यावर भाजलेले मासे, कोंबडी, कोलंबी, खारवलेली अंडी, आंब्याच्या फोडी, आणि दोन्ही बाजूंना उभी किंवा बसलेली माणसे. ही पद्धत फिलिपिनो लष्करातून आली. मराठी घरात केळीच्या पानावर जेवण असते पण पान ज्याचे त्याचे असते. इथे ढीग सगळ्यांचा एक आहे. ज्यांना उष्ट्याखरकट्याचा विचार पडतो त्यांनी आधीच वेगळ्या ताटल्या मागाव्यात, आणि इतरांनी आपल्यासमोरचा भाग संपवत पुढे जावे, टेबलापलीकडे हात लांबवू नये. बूडल फाइटसाठी बहुतेक ठिकाणी आगाऊ सांगावे लागते आणि किमान माणसांची अट असते. त्याच वेळी कोणते मांस नको हेही सांगून टाकावे, कारण एकदा पाने मांडली की डुकराचे मांस आणि मासा एकमेकांना टेकूनच येतात.

बोलणे-चालणे

वाढणाऱ्या पुरुषाला ‘कुया’ आणि स्त्रीला ‘आते’ अशी हाक मारतात. त्यांचा अर्थ दादा आणि ताई, आणि आपण ज्या सहजतेने अनोळखी माणसाला दादा म्हणतो त्याच सहजतेने ते वापरले जातात. वाक्याच्या शेवटी ‘पो’ जोडला की आदर व्यक्त होतो. ‘सालामात पो’ म्हणजे आभारी आहे. आखातात फिलिपिनो माणसाला सरसकट ‘काबायान’ म्हणण्याची सवय अनेकांना लागलेली दिसते. तो देशबांधवांनी एकमेकांना म्हणायचा शब्द आहे, आपण तो टाळावा. शेजारच्या टेबलावरून कोणी ‘काइन तायो’, म्हणजे ‘या, जेवू’, असे म्हटले तर हसून आभार मानावेत. तो शिष्टाचार आहे, ताट घेऊन तिकडे जाण्याचे आमंत्रण नव्हे.

‘बालुत’ या गर्भ वाढलेल्या बदकाच्या उकडलेल्या अंड्याचा विषय काढून खिदळू नये. ते रस्त्यावर संध्याकाळी विकले जाणारे खाणे आहे, रेस्टॉरंटच्या मेनूवर ते क्वचितच असते, आणि पाहुण्यांनी पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारल्याने वाढणारी माणसे कंटाळलेली असतात.

सकाळी गेलात तर ‘सिलोग’ मागवावे. लसणीचा भात आणि तळलेले अंडे हा त्याचा पाया. त्यावर तापा असेल तर तापसिलोग, बांगुस असेल तर बांगसिलोग. गोमांस टाळणाऱ्यांनी दुसरा घ्यावा आणि सोबत व्हिनेगर मागावे.

गोड आणि बिल

गोड पदार्थ शाकाहारी मंडळींनाही मोकळेपणाने खाता येतात, फक्त अंड्याची चौकशी करावी. ‘हालो-हालो’ उंच पेल्यात येते : तळाशी गोड पाकातल्या डाळी व कडधान्ये, केळी, फणस, नाता दे कोको म्हणजे नारळाच्या पाण्यापासून केलेल्या चिवट वड्या, काओंग या ताडवर्गीय झाडाची पाकवलेली फळे, त्यावर किसलेला बर्फ आणि आटवलेले दूध, आणि माथ्यावर ‘उबे’चा जांभळा गोळा व लेचे फ्लान या कस्टर्डसारख्या गोडाचा तुकडा. लेचे फ्लान अंड्याचे असते, ते वगळायला सांगता येते. उबे म्हणजे कोनफळ. आपण ते उंधियूत किंवा उपासाला वापरतो, त्यांनी त्याचे आइस्क्रीम, केक आणि हलव्यासारखा ‘हालाया’ केला आहे. बर्फ वितळण्यापूर्वी लांब चमच्याने तळापासून ढवळूनच हालो-हालो खावे, वरून कोरत बसू नये. ‘तुरोन’ म्हणजे पातळ आवरणात गुंडाळून साखरेत तळलेले केळे, कधी त्यात फणसाची पट्टी असते. त्याला अंड्याचाही प्रश्न नसतो. मात्र ते कोणत्या तेलात तळले हे काटेकोर शाकाहारी व्यक्तीने विचारावे, कारण बहुधा त्याच कढईत लुंपियाही तळले जातात. बिबिंका हा तांदळाच्या पिठाचा, केळीच्या पानावर भाजलेला केक आहे. गोव्याच्या थरांच्या बेबिंकाची अपेक्षा ठेवून तो मागवू नये.

बिल हवे असेल तर वाढणाऱ्याकडे पाहून दोन्ही हातांच्या बोटांनी हवेत आयत काढतात, किंवा ‘बिल आउट पो’ म्हणतात. टिपेचा नियम फिलिपिन्सचा नव्हे तर त्या देशाचा : अमेरिकेत बिलाच्या अठरा-वीस टक्के अपेक्षित असते, सिंगापूरमध्ये टेबलावर वाढणाऱ्या रेस्टॉरंटच्या बिलात बहुधा दहा टक्के सेवाशुल्क आधीच लावलेले असते, दुबईच्या साध्या खानावळीत सुटे पैसे ठेवले तरी चालते. उरलेले अन्न बांधून मागण्यात संकोच नको. सगळेच तसे करतात. अदोबो बांधून न्यावाच, कारण व्हिनेगरमुळे तो टिकतो आणि दुसऱ्या दिवशी अधिक मुरलेला लागतो. सिसिग आणि तळलेले पदार्थ मात्र तिथेच संपवावेत, आणि सिनिगांग नेले तर त्यातल्या पालेभाज्या त्याच रात्री खाऊन टाकाव्यात.